टिपाड रिकामं करा

आमच्या घरात कुठलंच पाणी एकदा वापरून सुटत नसे. आंघोळीला बसायचं ते मोठ्या घमेल्यात, आणि घमेल्यात साचेल ते परसातल्या शेवग्याला. भांडी राखेनं घासायची, चिंधीनं पुसायची, मग सगळ्यांना मिळून एका तांब्याची विसळणी, आणि ती विसळणी म्हशीच्या पाटीत. काटवटीला चिकटलेलं पीठ धुऊन निघायचं ते कालवणात. हातून वाटीभर जरी सांडलं तरी आत्या चुलीपाशी बसल्या जागेवरून ओरडायची, "सांडलंस व्हय? आता चाट जिमीन!" आणि मी खरंच एकदा ओल्या फरशीवर फडकं दाबून ते शेवग्याच्या बुडात पिळलं होतं, तेव्हा कुठं तिचं तोंड मिटलं. दुष्काळाच्या त्या वर्षांचा विषय निघाला की लोक परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीचं बोलतात, सरकारनं वाटलेल्या गोड सुकडीचं बोलतात. ती सुकडी मला आवडायची, खोटं कशाला बोलू. मला आठवतात ते आवाज. तळ गाठलेल्या विहिरीत बादली खडकाला घासते, तो आवाज. टँकर आला की बायांचा एकदम उठणारा कालवा. आणि आत्या रांजणावर बोटाच्या पेरानं टकटक करून आत किती शिल्लक आहे ते ऐकायची, तो. तेवढा आवाज झाला की आम्ही सगळे गप्प व्हायचो, डॉक्टर छाती तपासतो तेव्हा होतो तसे.

आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दिवसभर खडी फोडायच्या सरकारी कामावर असायचे. घर होतं ते आत्याच्या हातात. आत्या दादांची थोरली बहीण, त्यांना बापू म्हणायची. लग्न होऊन सासरी गेली, वर्ष फिरायच्या आत नवरा गेला आणि घरच्यांनी तिला माघारी आणलं. तेव्हापासून तिनं गावाची वेस ओलांडली नव्हती. मिरजगावचा बाजार काही फार लांब नाही, सगळं गाव जायचं, पण आत्या नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "येकदा ग्येल्ते की भाईर. काय आनलं?" बाईमाणसानं गावाबाहेर पाय टाकला की वाईटच होतं, हे तिच्या मनानं तेव्हाच धरून ठेवलं होतं. माझ्यावर तिचा जीव होता, आणि म्हणूनच मला ती फाट्यापर्यंतसुद्धा एकटी सोडत नसे. मला राग यायचा. आता तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेल्यावर राग येत नाही, पोटात तुटतं.

आमच्या गावची शाळा आठवीपर्यंत. विज्ञान शिकवायला बोरुडे सर होते, पारनेरकडचे, म्हणजे तेही कोरड्या मुलखातलेच. प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याचं कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली हरवलेली. तेव्हा सर आम्हाला शाळा सुटल्यावर लिंबाखाली बसवून डोकं चालवायला लावायचे. एक दिवस त्यांनी बाटलीत भेंडाचा, म्हणजे बुचासारख्या हलक्या लाकडाचा तुकडा टाकला आणि म्हणाले, बाटली उलटी करायची नाही, आत काडी घालायची नाही, भेंड बाहेर काढा. मी ते घरी आणलं. बराच वेळ बघत बसले, मग उठून बाटलीत पाणी ओतलं, भेंड तरंगत तोंडाशी आलं. आनंदानं ओरडले तर आत्या बाटलीकडंच बघतेय. "ह्या येवड्याश्या लाकडासाटी बाटलीभर पानी? तुज्या सराला सांग, असलं शिक्षान आमाला परवडत न्हाई." बाटली तिनं माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा रांजणात रिती केली. भेंडासकट. ते भेंड पुढं कितीतरी दिवस आमच्या पिण्याच्या पाण्यात फिरत होतं.

अशातच सरांनी बातमी आणली. नगरला एका मोठ्या शाळेत जिल्ह्यातल्या शाळांची डोक्याची स्पर्धा होती. आधी काही पाठ करायचं नाही, तिथं गेल्यावर मैदानात अडचण सांगणार, हाताशी चार वस्तू देणार, ज्यांना आधी सुटेल त्यांचा नंबर. आणि पहिल्या नंबराच्या मुलांना त्या शाळेत पुढचं शिक्षण, बोर्डिंगात राहणं-खाणं सगळं फुकट. सरांनी तिघांना निवडलं. एक मी. दुसरी मुमताज, फाट्यावरच्या सायकल दुकानवाल्या चाचांची मुलगी, हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख. तिसरा दत्तू सुताराचा, जो बोलायचा नाही, पण समोरची कुठलीही वस्तू सुटी करून दाखवायचा, परत जोडेलच असं नाही. तिघांत अडलं होतं ते माझंच. मुमताजची खाला, म्हणजे मावशी, मिरजगावात होती, तिची पुढच्या शाळेची सोय होती. दत्तू मुलगा, तो कुठंही राहिला असता. माझं ठरलं होतं ते असं, की आठवी झाली की श्रीगोंद्याला मामाकडं जायचं. तिकडं पाटाचं पाणी, उसाचं काम, आणि मामीला लेकरं फार. "तितं खाऊनपिऊन ऱ्हाशील, मामीला हात व्हईल," आई म्हणायची, आणि पदराला उगाच हात पुसायची. शाळेचं नाव कुणी काढत नव्हतं.

सर घरी आले, दादांशी ओसरीवर बोलले. दादा कमी बोलणारे. म्हणाले, "नंबर आला तर नगरला जाईल. न्हाई आला तर श्रीगोंद्याला. मधलं कायबी न्हाई." आतून आत्या म्हणाली, "म्हंजी दोन्हीकडनं पोरगी गावाच्या भाईरच की! मला इच्यारलं का कुनी?" तिला कुणी विचारलं नव्हतं हे खरंच. पण स्पर्धेच्या दिवशी अंधार होता तेव्हा उठून तिनंच भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, फडक्याला गाठ मारताना मला म्हणाली, "घाबरू नगंस. डोकं आपल्या बाजूचं हाय तुजं." माझ्याबद्दल ती एवढं चांगलं पहिल्यांदाच बोलली आणि मी तिथंच रडायला लागले. "आत्ता गं बया! आदीच कोरडं पडलंय समदं, त्यात हिचं चाललंय," असं म्हणत तिनं माझे डोळे पदरानं टिपले.

यष्टीत बसायला जागा नव्हती. मुमताज ड्रायव्हरमागच्या दांडीला लटकून रस्ताभर बडबडत होती. हे करतील, ते करतील, वजन उचलायला लावतील, गाठ सोडायला लावतील. दत्तू बसच्या खिडकीचा स्क्रू बोटानं फिरवत होता आणि सर त्याचा हात सारखा बाजूला करत होते. बाहेर दोन्ही अंगांनी नुसती पिवळी माती. नगर आलं तसं सरांनी केस विंचरले, आम्हालाही विंचरायला लावले. आता त्या शहराला अहिल्यानगर म्हणायचं, पेपरात वाचते रोज, पण माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं. त्या शाळेच्या दारात शिरलो तर भिंतीला एका रांगेत नळ, आणि शेवटचा नळ ठिबकतोय. खाली शेवाळ. आम्ही तिघं थांबलो. दत्तू पुढं झाला, नळ आवळला, तरी ठिबकणं काही थांबेना! शेवटी त्यानं खिशातली सुतळी काढून तोटीला गुंडाळली, तेव्हा थेंब थांबला. सर मागून हाका मारत होते, "अरे, स्पर्धा तिकडं आहे, इकडं नाही!"

मैदानात प्रत्येक शाळेसाठी एक दगडी ओटा, ओट्यावर एक पत्र्याचं टिपाड, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेलं. एवढं पाणी आमच्या घरात एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. खाली आमच्यासमोर वस्तू मांडलेल्या: रबरी नळी, दोरी, एक लहान डबा, बांबू. परीक्षक उंच, चष्म्याचे, मऊ आवाजाचे. त्यांनी अडचण वाचून दाखवली. टिपाडाला हात लावायचा नाही, ते कलतं करायचं नाही, भोक पाडायचं नाही. ज्यांचं टिपाड आधी रिकामं होईल त्यांचा नंबर. शिटी वाजली आणि शेजारच्या शाळांची मुलं बांबूला डबा बांधून उपसायला लागली. डबा कडेला आपटून निम्मं पाणी त्यांच्याच अंगावर. मुमताजनं मात्र नळीकडं पाहिलं आणि हसली. "ही तर अब्बांची रॉकेलची नळी!" चाचा पिंपातून रॉकेल काढायचे ते नळी तोंडानं ओढूनच. दत्तूनं नळीचं एक टोक बांबूच्या शेंड्याला बांधून टिपाडाच्या तळापर्यंत सोडलं, मुमताजनं दुसरं टोक खाली धरून जोरात ओढलं. पाणी आलं! सगळ्या मैदानात पहिलं पाणी आमचं आलं. मुमताजच्या तोंडात आलेला घोट तिनं थुंकला नाही, गिळला. मग नळी डब्यात धरली आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, झालं. जिंकले मी. नगरला आले.

डबा बघता बघता भरला. मुमताजनं नळी चिमटीत दाबून पाणी अडवलं आणि ओरडली, "सुमे, भांडं!" मी इकडं तिकडं बघते तर ओतायला काही नाही. दत्तू धावला शाळेच्या स्वयंपाकघराकडं. तिथल्या शिपाईमामांना काय सांगितलं देव जाणे, दोन बादल्या घेऊन आला. त्या भरल्या. पुन्हा चिमटी, पुन्हा भांडं. मी एक घागर आणली, कुणाची होती कोण जाणे. तोवर शेजारच्यांनी आमचं बघून नळ्या ओढायला सुरुवात केली होती, आणि पाणी सरळ भुईवर सोडलं होतं. मैदानात चिखल झाला, चिखलातून ओहळ गटाराकडं निघाला. लोक आम्हाला ओरडत होते, "सोडा की खाली! अगं, सोड ना ती नळी!" ते मला ऐकू येत होतं, पण शपथेवर सांगते, ते आम्हाला सांगतायत हे डोक्यात शिरतच नव्हतं. पाणी खाली सोडायचं म्हणजे काय? मुमताज नळी दाबून त्यांच्यावरच ओरडली, "दिसत नाही का, भांडं भरलंय ते!" मी सरांकडं पाहिलं. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, पण हातानं एक खूण केली असती तरी मी नळी सोडली असती. सर जागेवर नव्हते. बोरुडे सर, विज्ञानाचे शिक्षक, बी.एससी. झालेले, धोतराचा सोगा खोचून कुठूनतरी एक मोठं पातेलं डोक्यावर घेऊन पळत येत होते.

टाळ्या वाजल्या तेव्हा आमचं टिपाड निम्मंच झालं होतं. पाटपाण्याच्या भागातल्या एका शाळेची मुलं उड्या मारत होती. चांगली मुलं होती, त्यातला एक आमच्याकडं येऊन खरंच काळजीनं म्हणाला, "तुमाला नळी तर आमच्या आदी सापडली. मग थांबला का?" आम्ही तिघंही त्याच्या पायांकडं बघत होतो. घोट्यापर्यंत चिखल. तेव्हा कुठं मला कळलं काय झालं ते, आणि हातातली घागर एकदम जड झाली. परीक्षक आले. आमच्याभोवती भरलेल्या बादल्या, घागर, पातेलं, डबा, सगळ्याकडं त्यांनी नीट पाहिलं आणि सरांना म्हणाले, "अहो सर, पाणी साठवायचं असं आम्ही कुठं सांगितलं होतं?" सरांचा सदरा ओलाचिंब. ते म्हणाले, "नव्हतं सांगितलं, साहेब." मग म्हणाले, "टाकून द्यायचं असंही नव्हतं सांगितलं." परीक्षकांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. पण नियम तो नियम, आणि नंबर त्या मुलांचा होता, हे मलाही मान्य होतं. आजही आहे. अडचण त्यांनी सोडवली. आम्ही आमची भलतीच अडचण सोडवत बसलो होतो.

जमवलेलं पाणी आम्ही बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात नेऊन ओतलं, भांडी ज्याची त्याला दिली. टिपाडात उरलेलं होतं तेही दत्तूनं नळीनं काढायला घेतलं, तर शिपाईमामा म्हणाले, "राहू दे रे बाळा, ते मी करतो." परतीच्या यष्टीत बसायला जागा मिळाली. भाकरीच्या फडक्याची गाठ कुणी सोडली नाही. मुमताजसुद्धा गप्प. सर खिडकीकडं तोंड करून बसले होते, एकदाच म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुम्हाला शिकवायला पाहिजे होतं." काय शिकवायला पाहिजे होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मला मामीची लेकरं दिसत होती. सगळ्यांत धाकट्याचं नाक सारखं वाहायचं. ते नाक पुसत माझा जन्म जाणार, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि मी सरांचा रुमाल तोंडात कोंबून रडत होते.

घरी दिवेलागणीला पोचले. कुणी काही विचारायच्या आधी आत्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, पाण्याचा तांब्या दिला. मला वाटलं, ही आता म्हणेल, बरं झालं, कुठं जायची गरज नाही. पण ती म्हणाली, "सांग. पयल्यापासून सांग." मी सांगितलं. टिपाड, नळी, बादल्या, सगळं. आई ऐकता ऐकता डोक्याला हात लावून बसली. दादा ओसरीच्या खांबाला टेकून उभे. आत्यानं मला मधेच थांबवलं. "बाकीच्या समद्या पोरांनी पानी भुईवर सोडलं?" मी म्हटलं, हो. "आन तितं मोटी मान्सं हुती?" हो. "कुनीबी काय बोललं न्हाई?" टाळ्या वाजवल्या, मी म्हटलं. आत्या चुलीकडं वळली. त्या संध्याकाळी ती पुढं एक शब्द बोलली नाही, आणि आत्या गप्प बसली की आमच्या घरात सगळ्यांना जड जायचं.

सकाळी सर आले. दादांची माफीच मागायला आले होते बहुतेक. दादा म्हणाले, "सर, तुमी वाईट वाटून घिऊ नगा. पर ज्या गावात पिन्याचं पानी गटारात सोडल्यावर नंबर देत्यात, तितं पोरगी ठिवायला माजंबी मन घेत न्हाई. मामाला निरोप धाडलाय. ठरलं त्ये ठरलं." मला वाटलं, दादांना माझा अभिमान वाटतोय. आवाजात तो होता. आणि तो अभिमानच माझी शाळा घालवत होता! तेवढ्यात आत्या आतून बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधी ओसरीवर यायची नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेत तिनं सरांना विचारलं, "सर, त्या बोर्डिंगात भाकरी कोन थापतं?"

सरांना कळेना. "असतील की बायका. दोघीतिघी. का हो?"

"इच्यारा त्यास्नी, आनखी येक लागती का. पगार नगं. ही पोरगी खाईल तेवडं खाईल आन शाळंत जाईल. माजं म्या बगून घीन."

"आक्का!" दादा खांबापासून सुटले. "तू? तू गाव सोडनार? बाजाराला कदी ग्येली न्हाईस तू!"

"न्हाई ग्येले." आत्याचा आवाज कापत होता. मला तो आवाज आत्ताही ऐकू येतो. "लई भ्या वाटतंय मला, बापू. आत्ताबी वाटतंय. पर पोरांनी टिपाडभर पानी सांबाळलं. शिकलेली मान्सं वरडत हुती तरी सोडलं न्हाई. आन आपल्याला, येवड्या घरादाराला, येक पोरगी सांबाळता यीना व्हय?"

दादा आधी खाली बघत राहिले, मग सरांकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली. सर उठले ते नगरची यष्टी धरायला सरळ फाट्याकडं निघाले, चहासुद्धा न घेता. आई आत जाऊन तोंडात पदर धरून रडली. आणि आत्या मला म्हणाली, "बगत काय बसलीस? म्हशीला पानी दाव."

बोर्डिंगवाल्यांनी आत्याला ठेवून घेतलं, आणि मला शाळेत. जाण्याच्या दिवशी सगळं गाव फाट्यावर आलं, माझ्यासाठी नव्हे, आत्या यष्टीत बसते हे बघायला. मुमताज हात हलवत होती, तिचे अब्बा दुकान सोडून आले होते. आत्या पहिल्या बाकावर बसली, समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. बस सुटली आणि गाव मागं पडायला लागलं तशी ती माझ्यावर खेकसली, "मागं बगू नगंस."

मी कुठं बघत होते? मी पुढंच बघत होते. मान वळवून, वेस दिसेनाशी होईपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वेळ, तीच बघत होती.